फुफ्फुसाची जाळी किती फाटली, हे कसे मोजतात?

दम लागतो म्हणून मोठ्या दवाखान्यात गेलेला माणूस घरी परततो तेव्हा हातात एक मोठा लिफाफा असतो आणि तोंडात एक नवा शब्द. कोणी सांगते 'एम्फिसिमा निघाला', कोणी म्हणते 'फुफ्फुसं फुगलीत म्हणे'. फुगले म्हणजे वाढले, वाढले म्हणजे चांगलेच की, असा समज करून घेतलेली माणसेही आम्हाला बस्तीत भेटली आहेत. मग आमच्याकडे कागद येतो आणि प्रश्न असतो एकच: सिस्टर, किती आहे? थोडा की जास्त?

प्रश्न अगदी बरोबर आहे. रोग आहे की नाही एवढे कळून भागत नाही, किती आहे ते कळावे लागते. औषध, शस्त्रक्रिया, कामावरून मिळणारी भरपाई, सगळे त्या 'किती'वर ठरते. आणि हे 'किती' मोजायला डॉक्टर लोकांना दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला. ती हकीकत आपल्या वाचकांना माहीत असावी असे आम्हाला वाटते, कारण तिच्यात डॉक्टरांइतकेच खाणकामगारही आहेत.

आधी फुफ्फुस कसे असते ते पाहू. छातीत दोन पोकळ फुगे आहेत असे आपण समजतो, पण फुफ्फुस स्पंजासारखे असते. श्वासनळीला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि शेवटच्या टोकाला द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश. हे कोश कोट्यवधी असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मधून प्राणवायू आरपार जातो. एम्फिसिमात या भिंती झडतात. चार खोल्यांच्या मधल्या भिंती पाडल्या तर एक मोठी खोली होते. जागा तेवढीच, पण भिंती गेल्या. श्वासाचे काम तर भिंतीच करत होत्या. शिवाय याच भिंती बारीक नळ्यांना चारी बाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. त्या गेल्या की श्वास सोडताना नळ्या मिटतात आणि हवा आत कोंडून राहते. म्हणून 'फुगलेले' फुफ्फुस हे खरे तर आतून रिकामे झालेले फुफ्फुस असते. झडलेली भिंत पुन्हा उगवत नाही.

आता मोजण्याची अडचण बघा. माणूस मेल्यावर छाती उघडली की फुफ्फुस हवा गेलेल्या फुग्यासारखे आक्रसते. आक्रसलेल्या फुफ्फुसाचा काप घेतला तर भोके एकमेकांवर मिटून जातात. फाटलेली मच्छरदाणी घडी करून ठेवली तर भोक दिसेल का? तसेच हे. म्हणजे ज्या रोगाने माणूस वर्षानुवर्षे धापा टाकत मेला, तो रोग शवविच्छेदनाच्या टेबलावर डोळ्यांना दिसतच नाही. स्टेथोस्कोपचा शोध लावणारे फ्रान्सचे डॉक्टर लाएनेक यांनी १८१९ सालच्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले, आणि त्यासाठी त्यांनी मृताची फुफ्फुसे हवेने फुगवून, वाळवून मग कापली होती. पण ही काळजी पुढे सर्रास कोणी घेत नव्हते.

तिला पक्के रूप आले ते इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, कार्डिफ शहरात. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथले प्राध्यापक जेथ्रो गफ आणि त्यांचे सहकारी जेम्स वेंटवर्थ यांनी १९४९ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. काढलेल्या फुफ्फुसात श्वासनळीतून फॉर्मलिन भरायचे, म्हणजे ते जिवंतपणी श्वास घेतल्यावर जेवढे फुगलेले असते तेवढे फुगून तसेच घट्ट होते. मग जिलेटिनमध्ये बसवून, गोठवून, मोठ्या यंत्राने अख्ख्या फुफ्फुसाचा वरपासून खालपर्यंत पातळ काप काढायचा. जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. तो काप सरळ कागदावर चिकटवायचा. झाले. फुफ्फुसाचे पान तयार. ते फाईलमध्ये ठेवता येते, पोस्टाने पाठवता येते, दहा माणसांना एकाच वेळी दाखवता येते. आमच्या मते या कामाची खरी किंमत इथेच आहे. तोपर्यंत फुफ्फुसात काय होते हे एका डॉक्टरच्या शब्दावर चालत असे. कागदावर आल्यावर दुसरा माणूस तेच पान उचलून म्हणू शकत होता, मला वेगळे दिसते.

या पानांवर एक गोष्ट स्पष्ट दिसली. सगळ्यांचे फुफ्फुस सारखे फाटत नाही. काहींत भोके बारीक नळीच्या टोकाशी, गुच्छाच्या मध्यभागी सुरू होतात आणि वरच्या भागात जास्त असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा प्रकार फार. काहींत अख्खा गुच्छ एकसारखा झडतो, तोही खालच्या भागात अधिक. शरीरातले एक रक्षक प्रथिन जन्मापासून कमी असलेल्यांत असे होते. आणि कोळसा खाणीतल्या माणसांत काळ्या धुळीच्या ठिपक्याभोवतीच भोक दिसायचे.

पाने मिळाली, आता मोजायचे कसे? तीन रीती रूढ झाल्या आणि तिन्ही समजायला सोप्या आहेत.

पहिली रीत डोळ्यांची. अगदी निरोगी फुफ्फुसापासून पार उद्ध्वस्त फुफ्फुसापर्यंत नमुन्याची पाने ओळीने लावायची आणि त्यांना ० ते १०० पर्यंत गुण द्यायचे. नवे पान आले की ते कोणत्या नमुन्याशी जुळते ते बघायचे. कॅनडात काम केलेले डॉक्टर थर्लबेक यांचे नाव या रीतीशी जोडलेले आहे. पटकन होते, पण बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून. म्हणून दोन-तीन जणांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि मग ताडून बघायचे.

दुसरी रीत ठिपक्यांची. इंग्लंडचे डॉक्टर डनिल यांनी १९६२ मध्ये ती मांडली. पारदर्शक कागदावर सारख्या अंतरावर ठिपके काढायचे आणि तो कागद फुफ्फुसाच्या पानावर ठेवायचा. किती ठिपके चांगल्या भागावर पडले, किती भोकांच्या भागावर, ते मोजायचे. २०० पैकी ५० ठिपके भोकांवर पडले तर एम्फिसिमा २५ टक्के. यात मत देण्याला जागा कमी. ठिपका जिथे पडला तिथे पडला. शाळेत आलेखाच्या कागदावर पानाचे क्षेत्रफळ मोजतात तीच ही युक्ती.

तिसरी रीत रेषेची, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालची. काचेवर फुफ्फुसाचा अगदी पातळ काप, त्यावर ठराविक लांबीची रेषा. ती रेषा वायुकोशांच्या भिंतींना किती वेळा छेदते ते मोजायचे. समजा सगळ्या रेषा मिळून १०० मिलिमीटर झाल्या आणि ४०० वेळा भिंत आडवी आली, तर दोन भिंतींत सरासरी पाव मिलिमीटर अंतर. ४०० ऐवजी २०० वेळाच आली तर अंतर अर्धा मिलिमीटर. भिंती कमी झाल्या, खोल्या मोठ्या झाल्या.

यावरून आणखी एक हिशेब निघतो, तो आम्हाला फार बोलका वाटतो. फुफ्फुसाच्या आकारमानाला चारने गुणायचे आणि या सरासरी अंतराने भागायचे, म्हणजे आतल्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ मिळते. हिशेबापुरते आकारमान ५ लिटर धरू. अंतर पाव मिलिमीटर असेल तर उत्तर येते ८० चौरस मीटर. आपल्या बस्तीतली तीन-चार घरे मिळून होईल एवढी जागा, एका छातीत घडी घालून ठेवलेली. अंतर अर्धा मिलिमीटर झाले की उरतात ४०. माणसाची छाती बाहेरून तेवढीच, उलट जरा फुगलेली, आणि आत निम्मे घर गेलेले.

या रीतीतही एक अडचण आहे. उतारवयात भिंती न तुटताही कोश जरा रुंदावतात, त्यामुळे अंतर वाढले म्हणजे एम्फिसिमाच असे होत नाही. म्हणून १९८५ च्या सुमारास आणखी एक मोजणी आली. तिच्यात अंतर बाजूला ठेवून तुटलेल्या भिंतींचे कोश किती आणि शाबूत किती, ते मोजतात. दुखणे डोळ्यांनी दिसण्याआधीचे नुकसानही त्यात सापडते.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मेलेल्या माणसाचे ठिपके मोजून काय साधले? वेल्सच्या खाणकामगारांना विचारा. ब्रिटनमध्ये कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाला १९४३ पासून भरपाई होती, पण एक्स-रेवर धुळीचे डाग दिसले तरच. ज्याचा एक्स-रे बरा आणि तरीही घराचा जिना चढवत नाही, त्याला उत्तर ठरलेले: तुझी सिगारेट, तुझे वय. एम्फिसिमा साध्या एक्स-रेवर नीट दिसत नाही, सौम्य असेल तर बहुधा दिसतच नाही. मग पुरावा आणायचा कुठून? तो आला या पानांतून. १९८२ साली कार्डिफच्या संशोधकांनी मृत खाणकामगारांची आणि खाणीत न गेलेल्या माणसांची फुफ्फुसे शेजारी ठेवून मोजली. वय आणि सिगारेट हिशेबात धरूनही खाणकामगारांत एम्फिसिमा जास्त निघाला. असे आणखी पुरावे साठत गेले, आणि सप्टेंबर १९९३ मध्ये ब्रिटिश सरकारने खाणकामगारांचा जुनाट ब्राँकायटिस आणि एम्फिसिमा हे कामामुळे होणारे आजार म्हणून यादीत घेतले. जानेवारी १९९८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सरकारी कोळसा महामंडळाला कामगारांच्या या आजारांसाठी जबाबदार धरले. नंतरच्या भरपाई योजनेत साडेपाच लाखांहून जास्त दावे दाखल झाले. त्यांतले कितीतरी विधवांनी आणि मुलांनी केलेले, कारण माणूस तोवर गेला होता.

१९९३ च्या नियमात एक अट होती ती लक्षात ठेवा: पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा 'अपेक्षित' आकड्यापेक्षा निदान १ लिटरने कमी हवी. अपेक्षित आकडा कोणी ठरवायचा? याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

जिवंत माणसाचे फुफ्फुस कापून कागदावर लावता येत नाही. नमुन्यासाठी सुईने तुकडा काढूनही उपयोग नाही. रोग एका जागी दाट, दुसऱ्या जागी विरळ, शिवाय हवा छातीत सुटण्याचा धोका. इथे सीटी स्कॅन आले. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. पाणी शून्य, निव्वळ हवा उणे १०००. चांगले फुफ्फुस हवा आणि भिंती यांचे मिश्रण, म्हणून त्याचा आकडा हवेपेक्षा बराच वर असतो. भिंत झडली की आकडा हवेकडे सरकतो. १९८८ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या डॉक्टरांनी उणे ९१० ही रेघ आखली. तिच्याखालचा जेवढा भाग तेवढा एम्फिसिमा. पुढे नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये पातळ कापांच्या सीटीवर उणे ९५० ही रेघ जास्त बरोबर ठरली, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात.

पण ती बरोबर हे कळले कसे? फुफ्फुसाची गाठ काढण्यासाठी ज्यांची शस्त्रक्रिया होणार होती, त्यांचे आधी सीटी केले आणि नंतर निघालेल्या भागाचे जुन्या पद्धतीने माप घेतले. दोन्ही आकडे ताडून पाहिले. म्हणजे आजच्या संगणकाच्या टक्केवारीमागे गफ-वेंटवर्थचे तेच कागदी पान उभे आहे.

तुमच्या हातातल्या सीटीच्या कागदावर टक्केवारी असेलच असे नाही. बहुतेकदा 'सौम्य', 'मध्यम', 'तीव्र' एवढेच लिहितात, आणि जागा: वरचा भाग, खालचा भाग, कडेचा भाग. जागेलाही महत्त्व असते. फुफ्फुसाचा निकामी भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचा रोग मुख्यतः वरच्या भागात आणि चालण्याची ताकद कमी, त्यांना सर्वात जास्त फायदा झाला. बाकी काहींना शस्त्रक्रियेने धोकाच होता. तेव्हा शेजारच्याने केली म्हणून आपण करू, असे इथे चालत नाही. आणखी एक सूचना. सीटी काढताना श्वास पूर्ण भरून रोखला नाही तर आकडा बदलतो. मशीन बदलले तरी बदलतो. दोन वेगळ्या केंद्रांतले दोन कागद शेजारी ठेवून 'वाढला, वाढला' म्हणत घाबरू नका. आणि धाप लागणाऱ्या प्रत्येकाने सीटी काढावेच असेही नाही. किरणांचा मारा असतो आणि पैसेही जातात. आधी करायची ती फुंकण्याची तपासणी, स्पायरोमेट्री.

स्पायरोमेट्रीचा कागद वाचायला शिका. पंपाचे औषध दिल्यानंतर, पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा भागिले एकूण बाहेर आलेली हवा, हे उत्तर ०.७० पेक्षा कमी असेल तर नळ्यांत अडथळा आहे. मग पहिल्या सेकंदाची हवा अपेक्षित आकड्याच्या किती टक्के, यावर पायऱ्या: ८० किंवा वर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, ३० च्या खाली अति तीव्र.

आता त्या 'अपेक्षित' रकान्याकडे. वय, उंची, स्त्री की पुरुष यावरून तो काढतात, इथवर ठीक. पण अमेरिकेत दीडशे वर्षे गोऱ्या माणसाचे फुफ्फुस मूळ माप धरून काळ्या माणसाचे जन्मतःच लहान असे मानले गेले, आणि मशीनमध्येच काळ्यांसाठी अपेक्षित आकडा कमी भरलेला असे. परिणाम समजून घ्या. अपेक्षाच कमी ठेवली की आजारी माणूस कागदावर ठणठणीत दिसतो. १९९९ मध्ये बाल्टिमोरमध्ये ॲस्बेस्टॉसच्या भरपाईच्या खटल्यांत एका कंपनीने नेमका हाच मुद्दा मांडला होता: काळ्या कामगारांना भरपाईसाठी जास्त नुकसान दाखवावे लागेल. गुलामीतली उपासमार, धूळ, कोंदट घरे यांनी छाती लहान राहिली असेल तर तो जन्माचा गुण कसा? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या श्वसनरोग तज्ज्ञांच्या संघटनेने वंशानुसार वेगळे आकडे वापरणे बंद करा अशी शिफारस केली. जन्मावरून माणसाची पात्रता कमी धरण्याचा धंदा मशीनच्या पोटातही कसा शिरतो, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

आमच्या बायाबहिणींसाठी मात्र याहूनही जवळची एक गोष्ट आहे. वरची सगळी मापे मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या आणि खाणीत राबणाऱ्या पुरुषांच्या फुफ्फुसांवर तयार झाली. चुलीपुढे तीस-चाळीस वर्षे काढलेल्या बाईच्या फुफ्फुसात काय दिसते? मेक्सिकोमध्ये शवविच्छेदनावर हा अभ्यास झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेटवाल्यांत एम्फिसिमा जास्त निघाला. चुलीच्या धुरातल्या बायकांत बारीक नळ्यांच्या भिंती जाड झालेल्या, काळा थर जास्त, आणि भोके मात्र कमी. दोघांनाही धाप लागतेच.

म्हणून एखाद्या आईच्या सीटीवर 'एम्फिसिमा नाही' किंवा 'किरकोळ' असे आले आणि कोणी म्हणाले की काही नाही, मनाचे आहे, तर ते मानू नका. भोके मोजणाऱ्या मापाने नळीचा रोग मोजता येत नाही. तिची स्पायरोमेट्री झाली का ते विचारा. आम्ही अशा बायका पाहिल्या आहेत ज्यांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू कधी सापडले नाहीत, पण दम आहे म्हणून क्षयाच्या गोळ्या दोन-दोनदा खाऊन झाल्या आणि फुंकण्याची तपासणी एकदाही नाही. तपासणीला जाताना कागदावर लिहून न्या: चूल किती वर्षे, घासलेटचा स्टोव्ह किती वर्षे, विडी वळायचे काम केले का, गिट्टी खदान, वीटभट्टी, जिनिंग, झाडलोट यांत किती वर्षे. डॉक्टर बायकांना 'सिगारेट पिता का' एवढेच विचारून पुढे जातात. पुढचे आपण सांगायचे.

मशीनशिवाय घरी करता येईल असेही एक माप आहे, आणि तेही वेल्सच्या खाणकामगारांच्याच अभ्यासातून आलेले. डॉक्टर चार्ल्स फ्लेचर आणि त्यांच्या कार्डिफच्या पथकाने कामगारांना साधे प्रश्न विचारले. त्यातून झालेल्या पायऱ्या आज जगभर वापरतात. फक्त जड कामानेच दम लागतो: शून्य. घाईने चालताना किंवा चढावर लागतो: एक. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता, किंवा आपल्याच चालीने चालतानाही थांबावे लागते: दोन. शंभरेक मीटरवर, म्हणजे नळावरून घरी येईपर्यंत, थांबावे लागते: तीन. दमामुळे घराबाहेर पडवत नाही, लुगडे नेसतानाही धाप लागते: चार. दोन किंवा त्याच्या वर असाल तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. दर सहा महिन्यांनी घरातल्या कोणाकडून तरी हा आकडा तारखेसकट वहीत लिहून घ्या.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत छातीच्या विभागात स्पायरोमेट्री होते. सकाळी लवकर जा. त्या दिवशी पंप घ्यायचा की नाही ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, तपासणीच्या तासभर आधी विडी नको, पोटभर जेवण नको. नळी ओठांत घट्ट धरून पोटातून जोर लावून, सिस्टर 'अजून, अजून' म्हणत असेपर्यंत फुंकायचे, निदान सहा सेकंद. निदान तीन वेळा नीट फुंकावे लागते. एकाच फुंकीवर कागद हातात दिला तर आणखी एकदा करून मागा. आणि कागदाची छायाप्रत काढून घरी ठेवा. स्पायरोमेट्रीचा कागद काही महिन्यांत पुसट होतो.